कातळावरचे ओघळ

मंगळ या ग्रहास आपल्या पूर्वजांनी जी नावे दिली, त्यांपैकी भौम आणि कुज ही दोन आम्हांस विशेष मननीय वाटतात. दोहोंचा अर्थ एकच: भूमीपासून जन्मलेला. पुराणांनी त्यास पृथ्वीचा पुत्र मानले आणि त्याच्या तांबड्या कांतीवरून अंगारक व लोहितांग असेही म्हटले. पुढे हा भूमिपुत्र पत्रिकेच्या घरांत शिरला आणि कित्येक गुणी मुलींच्या विवाहाआड येऊन बसला. त्याचा हा उद्योग शिकल्यासवरल्या कुटुंबांतूनही अद्याप पुरता बंद पडलेला नाही. पण ज्या मंगळावर आज यंत्रे फिरत आहेत, त्याच्या दगडाची जात आमच्या सह्याद्रीच्या दगडाशी जुळते, असे कळल्यापासून भौम हे नाव अगदीच उगाच पडले नसावे, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. असो. पत्रिकेतील मंगळाशी आज आम्हांस कर्तव्य नाही. त्या ग्रहाच्या उतारांवर काही काळपट रेषा दिसतात. त्या पाण्याच्या की कोरड्या वाळूच्या, याविषयी गेल्या काही वर्षांत पंडितांमध्ये मोठा वाद झाला. तो वाद आम्हांस कळला तो कसाऱ्याच्या उतारांवर हिंडताना, म्हणून तो त्याच वाटेने सांगावा असे योजिले आहे.

कसारा हे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील, घाटाच्या अगदी पायथ्याचे गाव. मुंबईच्या उपनगरी गाड्या येथे येऊन थांबतात. पुढे इगतपुरीपर्यंत थळ घाटाची चढण. ही चढण रेल्वेने 1865 मध्ये जिंकली. सदतीस फुटांस एक फूट असा तो चढ आहे, आणि आजही येथे गाडीच्या मागे जादा इंजिने जोडून तिला वर ढकलावे लागते. ज्यांनी हा प्रवास पुष्कळदा केला असेल, त्यांस इंजिने जोडण्याचा तो धक्का आणि मग खिडकीतून दिसणारे काळे कडे परिचयाचे असतील. आमचे या गावी येणेजाणे बऱ्याच वर्षांचे. एकदा पावसाळा ओसरता ओसरता आणि पुन्हा एकदा उन्हाळ्याच्या तोंडी येथे चार दिवस काढावे, असा आमचा परिपाठ आहे. आणि एकच उतार वर्षातून दोनदा पाहण्यात जो लाभ आहे, तो दोन निराळे उतार एकेकदा पाहण्यात नाही, असे आमचे मत होऊन बसले आहे.

रेल्वेसाठी आणि पुढे मोटारींच्या रस्त्यासाठी हा डोंगर जागोजाग कापावा लागला. त्या कापांत डोंगराचे पोट उघडे पडले आहे. अळूची वडी कापावी म्हणजे आतील पानांचे वेढे दिसावेत, तसे येथे लाव्ह्याचे थर एकावर एक दिसतात. अजमासे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीस भेगा पडून त्यांतून तप्त रस वाहिला, निवला, पुन्हा वाहिला. अशा असंख्य ओतांनी आपले दख्खनचे पठार बनले. या थरांच्या गटांना भूशास्त्रज्ञांनी आपल्याच गावांची नावे दिली आहेत. त्यांतील अगदी खालचे दोन गट जव्हार आणि इगतपुरी या नावांनी जगातील विद्वानांच्या तोंडी आहेत, हे वाचून आम्हांस एक प्रकारचा गावकीचा अभिमान वाटला.

परंतु हा दगड दिसतो तितका अभेद्य नाही. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होते आणि दगडाच्या चिरांतून आत शिरते. मग चौकोनी चिऱ्याचे कोपरे आधी झिजतात, कारण तेथे पाण्यास दोहों-तिहों बाजूंनी वाव मिळतो. शेवटी आत काळा गोटा उरतो आणि त्याभोवती कांद्याच्या पातींसारखे पापुद्रे सुटतात. दगडातील लोह गंजून तांबडे-पिवळे होते, इतर खनिजांची चिकणमाती होते, आणि ज्यास आपण मुरूम म्हणतो तो तयार होतो. पुष्कळ ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा एक पट्टा दिसतो. एक ओत निवल्यानंतर दुसरा येईपर्यंत जो दीर्घ काळ गेला, त्यात वरचा दगड आणि त्यावर पडलेली राख पाण्याने व हवेने कुजून ती माती झाली, आणि पुढच्या ओताने तिला झाकून तिची वीट भाजली. काही थरांत बुडबुड्यांच्या पोकळ्या आहेत. त्यांत कोट्यवधी वर्षांपूर्वी ऊन पाणी खेळले आणि पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक ठेवून गेले. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ज्यांनी असे स्फटिक पाहिले असतील, त्यांस हे सांगावयास नकोच. तेव्हा मुरूम, विटकरी पट्टा आणि स्फटिक हे तिन्ही पाण्याचे साक्षीदार आहेत. मात्र त्यांच्यापाशी हंडा घेऊन गेल्यास एक थेंबही मिळावयाचा नाही.

ही गोष्ट आम्हांस एका चैत्रात फार स्पष्टपणे कळून आली. मुंबईचे एक स्नेही आमच्यासमवेत होते. समोरच्या कड्यावर वरपासून खालपर्यंत काळे ओघळ उतरलेले दिसत होते, जणू काय आताच कोणी वरून घागरी रित्या केल्या आहेत. खालून एक ठाकूर बाई दोन हंडे डोक्यावर घेऊन चढत होत्या. स्नेह्यांनी त्यांस विचारले, “मावशी, समोर एवढे पाणी गळते आहे, मग तुम्ही इतक्या लांबून का आणता?” त्या थांबल्या, कड्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “ते पानी नाय, दादा. पानी होतं तिथला डाग हाय तो. जाऊन हात लावा.”

खरोखरच तो डाग होता. पावसाळ्यात जेथून पाणी निथळते तेथे कातळावर शेवाळ धरते. पाणी आटले म्हणजे ते मरून काळे पडते आणि पुढल्या ज्येष्ठापर्यंत तसेच चिकटून राहते. दुरून पाहणाऱ्यास ती ओलच वाटते. “मग ओल कोठे आहे हे तुम्हांस कसे कळते?” असे आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की, सकाळी ऊन चढण्यापूर्वी माश्या-गांधिली जेथे दगडाला चिकटून बसतात, तेथे झिरपा असतो; आणि जेथे उंबर बारमाही हिरवा असतो, तेथे खाली खणून पाहावे. आम्हांस एकदम वराहमिहिराची आठवण झाली. त्याच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचे एक प्रकरण आहे; त्यात झाडे, वारुळे, मातीचे रंग यांवरून भूमीखालचे पाणी कसे ओळखावे हे सांगितले आहे, आणि उंबराचाही निर्देश आहे. त्या बाईंनी बृहत्संहितेचे नावही ऐकलेले नसणार. पण त्यांच्या बोलण्यातील एक गोष्ट आम्हांस पोथीहूनही मोलाची वाटली: त्या खुणेवर विसंबून स्वस्थ बसत नव्हत्या. खूण दिसली की तेथे जावयाचे आणि हात लावून पाहावयाचे. कारण खूण खोटी निघाली तर घरात त्या दिवशी पाणी नाही.

आता मंगळाकडे वळू. तेथे हात लावावयास कोणीही गेलेले नाही. जे काही आहे ते दुरून पाहणे, आणि दुरून पाहण्यात किती फसगत होते याचा इतिहास बराच जुना आहे. 1877 मध्ये मंगळ पृथ्वीच्या बराच जवळ आला असता मिलान येथील ज्योतिर्विद शियापारेल्ली यांस त्याच्या पृष्ठावर रेषांचे जाळे दिसले, आणि त्यांनी त्या रेषांस इटालियन भाषेत ‘कानाली’ म्हटले. या शब्दाचा अर्थ नैसर्गिक ओहोळ असाही होतो. पण इंग्रजीत जाताना त्याचा कालवा झाला, आणि कालवा म्हटला म्हणजे खणणारा आलाच! अमेरिकेतील लॉवेल यांनी या कल्पनेवर ग्रंथ रचले: पाण्यास महाग झालेली एक शहाणी जात ध्रुवावरच्या बर्फाचे पाणी कालव्यांनी शेतांस नेत आहे, असे ते चित्र होते. येथे एक योगायोग मनास चटका लावतो. ज्या 1877 मध्ये मिलानच्या दुर्बिणीतून या रेषा काढल्या जात होत्या, त्याच साली आमच्या दख्खनमध्ये 1876 ते 1878 चा भयंकर दुष्काळ चालला होता आणि माणसे सरकारी कामांवर खडी फोडून जीव जगवीत होती. परग्रहावरच्या पाण्याविषयी युरोप-अमेरिकेत जी उत्कंठा होती, तिच्यापैकी थोडी तरी या बाजूस वळती तर बरे झाले असते, असे आज वाटते. पण ते राहो.

1965 मध्ये मॅरिनर 4 हे यान मंगळाजवळून गेले आणि त्याच्या छायाचित्रांत कालव्यांऐवजी आघातांनी पडलेली विवरे दिसली. कालव्यांची कथा तेथेच संपली. परंतु सहाच वर्षांनी, 1971 मध्ये, मॅरिनर 9 मंगळाभोवती फिरू लागले आणि त्याने सुकलेल्या नद्यांची पात्रे दाखविली. तेव्हापासून प्रश्नाचे स्वरूप पालटले. मंगळावर पूर्वी पाणी होते, याविषयी आता कोणास शंका उरलेली नाही. 2004 मध्ये ऑपर्च्युनिटी या फिरत्या यंत्रास तेथे जारोसाइट नावाचे खनिज सापडले. ते पाण्यावाचून होत नाही, आणि आपल्याकडे कच्छमधील मातानामढ येथे ते आढळत असल्याने आपले शास्त्रज्ञ तेथे मंगळाचा अभ्यास करतात. 2012 मध्ये क्युरिऑसिटी या यंत्राने घासून गुळगुळीत झालेले गोटे पाहिले, आपल्या ओढ्यातल्या गोट्यांसारखे. मंगळाच्या कातळात पाण्याने झालेली चिकणमाती आहे, आणि त्याचा तांबडा रंग म्हणजे गंजलेल्या लोहाची धूळ. तेथील बर्फही आता प्रत्यक्ष पाहिलेला आहे. 2008 मध्ये फिनिक्स यानाने उत्तर ध्रुवाकडील मातीखाली काही अंगुळांवरच तो उकरून काढला. सारांश, मुरूम आहे, विटकरी पट्टा आहे, गोटे आहेत. प्रश्न एवढाच की, आज, या क्षणी, कोठे ओल आहे काय?

2006 पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या एका यानावर इतका तीक्ष्ण कॅमेरा आहे की, एखाद्या जेवणाच्या पाटाएवढी वस्तू त्यास टिपता येते. त्याच्या चित्रांत 2011 मध्ये अॅरिझोना विद्यापीठातील आल्फ्रेड मॅक्युएन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट जाहीर केली. दक्षिण गोलार्धातील काही तीव्र उतारांवर, उन्हाळा आला म्हणजे, अर्धा ते पाच मीटर रुंदीच्या काळपट रेषा उगवतात, दिवसेंदिवस खाली वाढत शेकडो मीटर लांब होतात, आणि थंडी पडली म्हणजे पुसट होतात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेथेच. या रेषांकडे प्रथम ज्याचे लक्ष गेले तो लुजेंद्र ओझा हा नेपाळात जन्मलेला तरुण त्या वेळी तेथे पदवीचा विद्यार्थी होता. कसाऱ्याचे कडे वर्षातून दोनदा पाहणाऱ्यास या वर्णनात काही अपरिचित वाटणार नाही. ऋतूबरोबर येणारे, ऋतूबरोबर जाणारे, उतारावरून उतरणारे काळे ओघळ! पाण्यावाचून दुसरे काय सुचावे?

अडचण एकच होती. मंगळावरील हवा इतकी विरळ आहे की तिचा दाब आपल्या हवेच्या शतांशाहूनही कमी भरतो; तेथे निर्मळ पाणी उघड्यावर ठेवले तर ते गोठून तरी जाते किंवा उकळून वाफ होऊन तरी जाते. पण खारे पाणी? आइस्क्रीमच्या पॉटात बर्फाबरोबर खडे मीठ का घालतात, हे आपल्या घरातील मुलांसही ठाऊक असते. क्षाराने पाण्याचा गोठण्याचा बिंदू खाली जातो. 2015 च्या सप्टेंबरात ओझा व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले की, या रेषांच्या ठिकाणी पाणी धरून ठेवणाऱ्या परक्लोरेट जातीच्या क्षारांच्या खुणा प्रकाशाच्या पृथक्करणात दिसतात. मंगळावर वाहते पाणी सापडले, अशी वार्ता एका दिवसात जगभर पसरली, आणि आमच्या वर्तमानपत्रांनीही तिला पहिल्या पानावर जागा दिली.

त्यानंतरची हकीकत मात्र पहिल्या पानावर आली नाही, आणि आमच्या मते खरी वाचण्यासारखी तीच आहे. 2017 मध्ये कॉलिन डंडास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत मॅक्युएन स्वतः होते, दहा ठिकाणच्या रेषांचे उतार मोजले. त्यांस असे आढळले की, या रेषा जवळजवळ सर्वत्र 27 अंशांहून अधिक उतारावरच असतात आणि उतार तेवढा कमी झाला की थांबतात. पाणी असे करीत नाही. पाणी उतार मंद झाला तरी पुढे जाते, खोलगट जागा शोधते, पसरते. ठरावीक कोनावर थांबते ती कोरडी रास. खळ्यात भाताची रास घालताना पाहिलेल्या कोणासही हे पटेल: वरून सुपे ओतीत राहिले तरी राशीची बाजू एका मर्यादेपलीकडे उभी होत नाही, दाणे घरंगळतात आणि पुन्हा तोच कोन साधतात. मंगळावर घरंगळत होती ती बहुधा वाळू, आणि वरची फिकी धूळ सरकल्यावर खालचा काळा थर दिसत होता. 2018 मध्ये आणखी एका संशोधनाने दाखविले की, क्षारांची जी खूण वाटली होती, तिच्यापैकी पुष्कळशी मोजमापांच्या संस्करणातून उद्भवलेली असू शकते. पुढे 2025 मध्ये मंगळाच्या उतारांवरील दुसऱ्या एका जातीच्या, आकाराने मोठ्या अशा सुमारे 5 लाख पट्ट्यांची संगणकाकरवी मोजदाद होऊन निष्कर्ष निघाला, तोही कोरडेपणाचाच. तथापि त्या ऋतुमानाच्या रेषा उन्हाळ्यातच का येतात, याचे पूर्ण समाधान अद्याप झालेले नाही. वादाचे दार किंचित किलकिले आहे.

कित्येकांस यात विज्ञानाची नाचक्की दिसते: आज पाणी म्हणता, उद्या वाळू म्हणता, मग तुमच्यावर विश्वास कोणी ठेवावा? आम्हांस हा आक्षेप विचित्र वाटतो. ज्यांनी पहिल्याने पाण्याची आशा दाखविली, त्यांच्यापैकीच एकाने पुढे कोनमापक घेऊन ती आशा तपासली. ठाकूर बाईंनी जे एका वाक्यात सांगितले तेच ते करीत होते, फरक इतकाच की त्यांचा हात कोट्यवधी मैलांवर पोहोचत नसल्याने त्यांस उताराचा कोन मोजावा लागला.

उताराच्या कोनावरून आणखी एक गोष्ट निघते आणि ती येथे टाळता येत नाही. आमच्या डोंगरांवरची रास कोरडी नाही. मुरूम पावसाने भिजला की जड होतो, कणांमधील पाणी त्यांची परस्परांवरील पकड सैल करते, आणि ज्या उतारावर तो शतकानुशतके टिकून होता तेथून तो एका घटकेत खाली येतो. 30 जुलै 2014 रोजी पहाटे पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर आला आणि सुमारे दीडशे माणसे त्याखाली गेली. तोही आमच्यासारखाच कुजलेल्या काळ्या दगडाचा उतार होता. कसाऱ्याच्या घाटातही पावसाळ्यात दरडी येतात, गाड्या अडतात. म्हणून दर वर्षी मृगापूर्वी माणसे दोरांनी कड्यावर चढून सैल धोंडे पहारीने पाडतात. मंगळावर पाणी नसल्याने तेथील उतार निदान निष्पाप आहेत.

इतका पाऊस पडूनही उन्हाळ्यात हा प्रदेश तहानलेला का, असे बाहेरचे लोक विचारतात. उत्तर त्याच कापांत लिहिलेले आहे. जेथे मुरूम जाड आहे तेथे पाणी मुरते आणि खालच्या अखंड कातळावर अडून, जेथे तो कातळ उघडा पडतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. परंतु घाटमाथ्याच्या तीव्र उतारांवर मुरूम टिकत नाही. झाडे गेली तेथे तर मुळीच नाही. पाणी येते तसे चार महिन्यांत निघून जाते. ते अडते ते मोठ्या भिंतींपाशी. तानसा तलाव 1892 पासून मुंबईस पाणी देत आहे, आणि आज त्या महानगरीच्या पाण्यापैकी सुमारे निम्मे भातसा धरणातून जाते. ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यातील, आणि त्याच तालुक्याच्या वाड्यापाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. टँकरची वाट पाहत रस्त्याच्या कडेस मांडलेल्या हंड्यांच्या रांगा आम्ही कित्येकदा पाहिल्या आहेत. खाली पाणी आहे, ते नळातून साठ-सत्तर मैल प्रवास करून आमच्या स्नेह्यांच्या न्हाणीघरात पोहोचते. वर पाड्यावर चढून येण्यास मात्र त्यास कोणी इंजिन जोडीत नाही.

गेल्या वैशाखात आम्ही घाटरस्त्याने सकाळी फिरावयास निघालो असता रस्त्याचे काम पाहणारी दोन माणसे एका कापाशी उभी होती. विटकरी पट्ट्याच्या बरोबर वर, बोटभर चिरेतून, ओल आली होती. वैशाखात ओल येणे वाईट, त्यांनी आम्हांस सांगितले. आत पाणी साठलेले आहे, पावसाचा पहिला जोर आला की हा धोंडा सुटेल. म्हणून त्यांनी चिरेखाली चुन्याने एक मोठी फुली मारली आणि जूनपूर्वी धोंडा पाडावा असे वहीत लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटेने जाताना पाहिले, तो चिरेत एक पळसाचे पान खोचून पन्हळ केलेली होती, आणि फुलीच्या खाली दोन हंडे लावलेले होते. एक भरला होता.